काट्याची साक्ष

यंत्र खोटे बोलत नाही, माणूस बोलतो, असे आपण सहज म्हणून जातो. वर्गात विज्ञान शिकवताना मीही हे वाक्य अनेकदा उच्चारले असेल. परंतु मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी जे घडले, त्यानंतर ते माझ्या जिभेवर येता येता अडखळते. प्रसंग तसा लहान आहे, एका जुन्या पिकअप गाडीतील डिझेलच्या काट्याचा. पण त्या काट्याने आमच्या घरचा एक माणूस तोडला, म्हणून तो वाचकांना सांगावासा वाटतो. ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी उभी आहे त्यांना त्यातून चार उपयोगाच्या गोष्टी मिळतील. ज्यांच्या दारात गाडी नाही त्यांनाही, दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी काय पाहावे, एवढे तरी मिळेल.

माझे धाकटे बंधू खानापूर तालुक्यातील आमच्या गावी राहून गोव्याला भाजी पाठवण्याचा व्यवसाय करतात. पहाटे बेळगावच्या बाजारात माल भरायचा, जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरायचा, केरी-सांखळीवरून म्हापसा गाठायचा, माल उतरवून परतीला मिळेल ते भाडे घ्यायचे आणि दिवेलागणीनंतर घरी यायचे, असा त्यांच्या गाडीचा क्रम. जाऊन येऊन सुमारे २३० किलोमीटर. गाडी पंधरा-सोळा वर्षांची, टाकी ६० लिटरांची. पत्रे गंजले आहेत, पण इंजिन अजून कष्टाळू आहे.

गाडीवर जो मुलगा होता तो माझा विद्यार्थी. सातवीपर्यंत आमच्या शाळेत शिकला, पुढे परिस्थितीमुळे त्याचे शिक्षण थांबले. बंधूंकडे त्याला मीच पाठवले होते. चार वर्षांत त्याच्याविषयी तक्रार म्हणून आली नव्हती. एके रात्री बंधू माझ्याकडे आले आणि दार लोटून घेत म्हणाले, "अण्णा, काल संध्याकाळी टाकीत पन्नासच्या वर डिझेल होतं. म्हापशाला जाऊन यायला वीस-एकवीस लिटर लागतं. आता काटा अर्ध्याच्याही पुष्कळ खाली आहे. दहा-बारा लिटर कुठं जाऊलाय? आणि हे आजचं नाही, महिनाभर मी बघूलालोय."

त्यांच्या म्हणण्याचा रोख माझ्या ध्यानात आला. गाडीतून डिझेल काढून विकणे ही गोष्ट या धंद्यात कोणाला नवी नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला शाळा सुटल्यावर बोलावून घेतले. त्याला म्हटले, "तुझ्यावर माझा विश्वास आहे, म्हणूनच विचारतो. जे असेल ते खरे सांग." या वाक्याचा पहिला अर्धा भाग खोटा होता, हे मला पुढे कळले. तो खाली पाहत एवढेच म्हणाला, "काटा तसाच दाखवतोय, गुरुजी." मला ती सबब वाटली. मी गप्प राहिलो, आणि माझ्या गप्प राहण्याचा जो अर्थ व्हायचा तो झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे गाडीची किल्ली ओसरीवरच्या खुंटीला लटकत होती आणि तो आला नव्हता.

नवा चालक मिळेपर्यंत बंधू स्वतःच गाडी नेऊ लागले. आठवडा गेला असेल. एका रात्री ते गाडी लावून थेट माझ्याकडे आले, पायही न धुता बसले आणि म्हणाले, "अण्णा, आज मीच चोर ठरलो." टाकीचे झाकण त्यांच्याखेरीज दिवसभरात कोणी उघडले नव्हते, आणि काटा पुन्हा अर्ध्याच्या खाली होता.

रविवारी आम्ही गाडी घेऊन बेळगावातील एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. चाळीस वर्षे गाड्यांखाली गेलेला हा मनुष्य. त्यांनी पाना हातात घेतला नाही, आधी स्टूल पुढे केले. म्हणाले, "गुरुजी, आधी काट्याचं घराणं समजून घ्या, मग त्याचा खोटेपणा सापडेल." त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडतो.

पहिली गोष्ट ही की काटा डिझेल पाहत नाही. डिझेल पाहतो तो टाकीतला फ्लोट, म्हणजे एका बारीक दांडीच्या टोकाला लावलेला पोकळ तरंगता डबा. डिझेल वर चढले की तो चढतो, उतरले की उतरतो. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी पट्टी विजेच्या रोधाच्या तारेवर घासत सरकते. रेडिओचा आवाज कमी-अधिक करण्याच्या खुंटीत जी युक्ती असते तीच ही. फ्लोट हलला की रोध बदलतो, रोध बदलला की तारेतून जाणारी वीज कमी-अधिक होते. ती तार गाडीच्या खालून पुढे चालकासमोरील मीटरपर्यंत येते. जुन्या गाड्यांतील बऱ्याच काट्यांमागे दोन धातूंची जोडपट्टी असते. वीज वाहिली की ती तापते, तापली की वाकते, आणि वाकताना काट्याला ढकलते. म्हणूनच किल्ली फिरवताच असा काटा उडी मारत नाही, सावकाश चढतो. हा दोष नव्हे. खड्ड्यात टाकीतले डिझेल हिंदकळले तरी काटा नाचू नये, हा त्यातला फायदा. काही गाड्यांत पट्टीऐवजी तारांची वेटोळी असतात व त्यांच्या चुंबकत्वाने काटा फिरतो. तत्त्व एकच.

म्हणजे डिझेल आणि आपला डोळा यांच्यामध्ये फ्लोट, रोधाची तार, लांबलचक वायर, विजेची परतीची वाट आणि मीटर, असे पाच निरोपे उभे असतात. निरोप पोचतो तो पाचव्याच्या तोंडून, आणि आपण समजतो की त्याने प्रत्यक्ष पाहिले आहे.

हे ऐकताना मला आमच्या आजोळचे घटिकापात्र आठवले. लग्नघरी मुहूर्ताची वेळ त्यावर पाहत. तांब्याची वाटी, तळाला सुईएवढे भोक. पाण्याच्या घंगाळात ती सोडायची. भोकातून पाणी चढत जाई आणि बरोबर एका घटकेला, म्हणजे २४ मिनिटांनी, वाटी बुडे. त्या वाटीला आणि पाण्याला मध्ये कोणी निरोप्या नव्हता. १९०८ साली अमेरिकेत फोर्डची 'मॉडेल टी' मोटार निघाली, तेव्हा तिच्या चालकासमोरही असा काटा नव्हता. पेट्रोलची टाकी बैठकीखाली असे. बैठक उचलायची, झाकण काढायचे, आत लाकडी पट्टी बुडवायची आणि ती कोठवर ओली झाली ते पाहायचे. पंपावरील जमिनीखालच्या टाकीत मापाचा गज सोडून पाहण्याची रीत तर आजही आहे. सोय वाढली तसे मधले निरोपे वाढले, एवढाच फरक.

मिस्त्रींनी मग आम्हांला तीन प्रश्न विचारले. टाकी तुडुंब भरली की काटा कोठे थांबतो? काटा कधी अधिक खाली येतो, दिवसा की रात्री? आणि त्याच वेळी इंजिनाच्या उष्णतेचा काटाही चुकतो काय? तिसऱ्या प्रश्नाचे कारण असे की काही जुन्या गाड्यांत मीटरच्या मागे दोन्ही काट्यांना मिळून विजेचा दाब स्थिर ठेवणारा एकच छोटा भाग असतो. तो बिघडला तर दोन्ही काटे बरोबरच भरकटतात. मग टाकीखाली शिरण्याचे कारण उरत नाही. आमचा उष्णतेचा काटा बिनचूक होता.

पहिल्या प्रश्नावर बंधू घुटमळले. अलीकडे टाकी तोंडापर्यंत भरली तरी काटा शेवटच्या रेघेच्या जरा अलीकडेच थांबत असे. "भरलंच म्हणायचं की" असे म्हणून त्यांनी ते सोडून दिले होते. दुसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तरच नव्हते, कारण गाडी परत येई ती अंधार पडल्यावर, आणि बंधू काटा पाहत ते तेव्हाच.

मिस्त्रींनी किल्ली फिरवली. इंजिन बंद, दिवे बंद. काटा हळूहळू चढला आणि अर्ध्याच्या थोडा वर स्थिरावला. मग त्यांनी दिव्यांचे बटण ओढले. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. काटा जसा सावकाश चढला होता तसाच सावकाश उतरू लागला आणि अर्ध्याच्या खाली जाऊन थांबला. त्यांनी ब्रेकवर पाय दाबून धरला. काटा आणखी झुकला. दिवे मालवले, पाय काढला, आणि काटा पुन्हा वर आला. टाकीतले डिझेल अर्थातच जेथल्या तेथे होते.

बंधूंनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

याचा उलगडा सोपा आहे. बॅटरीतून निघालेल्या विजेला बॅटरीकडे परत जाण्याची वाट लागते. गाडीत ती वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच. प्रत्येक उपकरणाची एक तार सांगाड्याला जोडलेली असते, तिला अर्थिंग म्हणतात. आमच्या गाडीत मागचे दिवे आणि टाकीतले युनिट यांचे अर्थिंग एकाच बोल्टखाली होते, आणि पंधरा पावसाळ्यांच्या चिखलाने तो बोल्ट गंजून गेला होता. गंजातून वीज नीट जात नाही. पांदीतून एकटा माणूस कसाबसा निघतो, पण समोरून बैलगाडी आली की त्याला कुंपणाला चिकटून उभे राहावे लागते, तसा हा प्रकार. काट्याची वीज बारीक, दिव्यांची जाड. दिवे लागले की त्यांची वीज तीच अरुंद वाट अडवी आणि काट्याची वीज रोडावे. आमच्या गाडीत टाकी भरलेली असता रोध कमी आणि रिकामी होता होता अधिक, अशी रचना होती. त्यामुळे वाटेतला हा जादा रोध काट्याला रिकाम्या टाकीसारखा भासे. काही गाड्यांत रचना बरोबर उलट असते. तेथे हाच गंज असलेल्यापेक्षा अधिक डिझेल दाखवील. मागचे दिवेही नेहमीपेक्षा मिणमिणते जळत होते. ती खूण कित्येक दिवस आमच्या डोळ्यांसमोर होती.

मिस्त्रींनी लगेच बोल्टाला हात घातला नाही. एक जास्तीची वायर घेऊन तिचे एक टोक युनिटच्या पत्र्याला आणि दुसरे सांगाड्याच्या खरडून चकचकीत केलेल्या जागी टेकवले. दिवे चालू असूनही काटा वर चढला. निदान पक्के झाल्यावरच त्यांनी बोल्ट सोडवला, गंज घासून काढला, नवे टोक बसवले आणि वर ग्रीसचा हात फिरवला. मल्टिमीटरने पाहिले तेव्हा युनिट ते बॅटरीचे ऋण टोक यांमधला रोध आधी दोन ओमच्या आसपास होता. तो आता जवळजवळ शून्यावर आला. या दुरुस्तीला नवा सुटा भाग एकही लागला नाही.

तरी एक शंका उरली होती. दिवे बंद असतानाही तुडुंब टाकीवर काटा शेवटच्या रेघेला का पोचत नसे? तेव्हा मिस्त्रींनी मीटरची परीक्षा घेतली. टाकीपाशी येणारी वायर सोडवून मोकळी ठेवली तर काटा एका टोकाला गेला पाहिजे, आणि तीच वायर टाकीच्या तोंडापासून दूर नेऊन क्षणभर सांगाड्याला टेकवली तर दुसऱ्या टोकाला. क्षणभरच, फार वेळ धरल्यास मीटर बिघडण्याचा संभव. आमचा काटा दोन्ही टोकांना नीट गेला. म्हणजे मीटर व वायर निर्दोष. काटा एका टोकाला गेलाच नसता तर मीटरमध्ये किंवा मधल्या वायरीत दोष शोधावा लागला असता. आता पहिला साक्षीदार तेवढा उरला, टाकीतला.

येथे वाचकांना सावध करणे माझे कर्तव्य आहे. टाकी उघडण्याचे काम घरी हौसेने करू नये. मिस्त्रींनी प्रथम बॅटरीची तार काढली. गाडी मोकळ्या हवेत घेतली, विडी ओढणाऱ्या पोराला बाहेर पाठवले, बरेचसे डिझेल डब्यात काढून घेतले, आणि युनिटची कडी फिरवण्यासाठी लोखंडी छिन्नीऐवजी पितळी तुकडा वापरला, ठिणगी नको म्हणून. डिझेलपेक्षा पेट्रोलची वाफ कितीतरी अधिक भडकी. पेट्रोलच्या गाडीत तर हे काम जाणत्याकडेच सोपवावे.

युनिट बाहेर आल्यावर त्यांनी दांडी हळूहळू वरखाली करीत मल्टिमीटरकडे पाहिले. आकडा सलग बदलत गेला. मध्येच त्याने उडी मारली असती तर रोधाची तार झिजली असे समजायचे. दांडी वाकलेली नव्हती. मग त्यांनी फ्लोट माझ्या कानाशी धरून हलवला. आत चुळुक असा आवाज आला. सांध्याला केसाएवढी चीर पडून त्यात डिझेल शिरले होते. जड झालेला फ्लोट नेहमीपेक्षा खोल बुडून तरंगे आणि प्रत्येक पातळीला थोडे कमीच सांगे. घटिकापात्राला भोक असते म्हणून ते खरे सांगते. आमच्या फ्लोटला भोक पडले म्हणून तो खोटे सांगू लागला.

नवा फ्लोट आणि नवी रबरी चकती बसवून झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "आता काट्याला शाळेत घाला, गुरुजी." म्हणजे त्याची परीक्षा घ्या. सपाट जागी गाडी उभी करून आम्ही मोजून पाच-पाच लिटर डिझेल ओतत गेलो आणि प्रत्येक वेळी काटा स्थिरावल्यावर त्याची जागा टिपली. तांबड्या पट्टीतून काटा वर निघाला तेव्हा टाकीत ८ लिटर होते. अर्ध्यावर आला तेव्हा ३० नव्हे, २७. टाकीचे पोट मध्ये रुंद आणि कडांना गोल असते. फ्लोट मोजतो ती केवळ उंची, तेव्हा काट्याच्या रेघा सारख्या अंतरावर असल्या तरी लिटर सारखे नसतात. शिवाय उतारावर डिझेल टाकीच्या पुढच्या बाजूला धावते, चढावर मागच्या, त्यामुळे घाटात काट्याकडे पाहून काहीच ठरवू नये. आणि काट्याचा दोष काढण्यापूर्वी मापाविषयी शंका असेल तर तीही फेडून घ्यावी. पंपावर ५ लिटरांचे शासकीय शिक्क्याचे माप ठेवलेले असते, ग्राहकाने मागितल्यास त्यात भरून दाखवावे लागते.

असलेल्यापेक्षा अधिक सांगणारा काटा माणसाला भर घाटात उभा करतो. डिझेलचे इंजिन एकदा कोरडे पडले की नुसते पाच लिटर ओतून भागत नाही. नळ्यांत शिरलेली हवा फिल्टरजवळचा हातपंप दाबून दाबून बाहेर काढावी लागते. ती शिक्षा तासाभराची असते. कमी सांगणारा काटा कोणालाच वाटेत थांबवीत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. तो माणसामाणसांत उभा राहतो.

घरी आल्यावर मी बंधूंच्या कपाटातून पंपाच्या पावत्यांचा गठ्ठा काढून घेतला. गाडीतील किलोमीटरचा आकडा ते प्रत्येक खेपेला वहीत लिहून ठेवतात. ज्या दोन महिन्यांबद्दल संशय होता, त्यांत २४ खेपा झाल्या होत्या आणि गाडी ५,५२० किलोमीटर धावली होती. पावत्यांवरून डिझेल भरले होते ५०४ लिटर. भागाकार केला. लिटरला १०.९५ किलोमीटर. ही गाडी मुळात अकराच्या आसपासच जाते. प्रत्येक खेपेला बारा लिटर चोरीला गेले असते तर आणखी २८८ लिटर भरावे लागले असते आणि भागाकार सातवर आला असता. आरंभी व अखेरीस टाकीत किती होते हे ठाऊक नव्हते. पण टाकीच मुळी ६० लिटरांची. एवढ्या हिशेबात त्या फरकाने चोरी झाकली जाणे शक्य नव्हते.

खात्रीसाठी पुढच्या खेपेला टाकी तोंडापर्यंत भरली, आकडा लिहिला, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भरली. २३१ किलोमीटरला २१ लिटर. काट्याकडे ढुंकूनही न पाहता गाडीचा खप काढण्याची ही सर्वांत भरवशाची रीत आहे. तिला लागते ते एक कागद आणि तिसरीतला भागाकार.

हा भागाकार मी सातवीच्या मुलांना करायला लावतो. आमच्या लहान शाळेत मुख्याध्यापकालाही गणिताचे तास घ्यावे लागतात. दुसऱ्या दिवशी मी हेच उदाहरण, नावगाव काही न सांगता, फळ्यावर लिहिले आणि खाली प्रश्न घातला, 'चालकाने डिझेल चोरले काय?' पाच-सात मिनिटांत निम्म्या वर्गाचे हात वर झाले. नाही, चोरले नाही. मी शाबासकी देऊन फळा पुसू लागलो, तोच मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग त्या ड्रायव्हरला परत घेतलं काय?"

त्या दिवशी संध्याकाळी मी आणि बंधू त्या मुलाच्या घरी गेलो. दोन कोसांवरचे गाव. तो नुकताच कामावरून आला होता. दुधाच्या गाडीवर त्याला काम मिळाले होते. त्याच्या आईने न बोलता चहा ठेवला. बंधूंनी सारे सांगितले, बोल्ट, गंज, फ्लोट, पावत्या, आणि हात जोडले. तो संकोचला. पगाराची थकलेली बाकी त्याने घेतली, तिच्यावर घातलेली जास्तीची नोट परत केली. पुन्हा कामावर येण्याविषयी विचारले तेव्हा, दुधाचं काम बरं आहे, रात्री घरी असतो, असे म्हणाला.

निघताना तो आम्हांला वेशीपर्यंत पोचवायला आला. मला राहवले नाही. मी म्हटले, "दिवे लावले की काटा पडतो, हे तुझ्या कधीच ध्यानात आले नाही का रे?"

"दिवाळीपासून ठाऊक होतं, गुरुजी," तो म्हणाला. "घाटात ब्रेक मारला तरी पडतोय. रोज बघत होतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

तो थोडा वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही मला काट्याबद्दल विचारलंच नाहीत, गुरुजी. माझ्याबद्दलच विचारलंत."

वाटेत आम्ही दोघे भाऊ फारसे बोललो नाही. पस्तीस वर्षांत मी किती मुलांना समोर उभे करून "खरे सांग" म्हटले असेल, आणि त्यांतल्या कितींना मला मुळात दुसरेच काही विचारायला हवे होते, याचा हिशेब करायला माझ्याकडे पावत्या नाहीत.

बंधूंच्या गाडीवर आता नवा चालक आहे. मीटरशेजारी आम्ही एक पुठ्ठा चिकटवला आहे. काटा कोठे असता टाकीत किती लिटर, हे त्यावर माझ्या अक्षरात लिहिले आहे. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी असा पुठ्ठा अवश्य करावा. एका दुपारचे काम आहे. खाली मी दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या आहेत. पहिली, 'गाडी सपाट जागी उभी करून व दिवे मालवून काटा पाहावा.' दुसरी, 'संशय आल्यास प्रथम चालकास विचारावे, काटा नीट चालतो काय?'